नोकरी सोडून नर्सिंगची पदवी : अर्ज भरण्याआधी काय तपासावे?

हिशेबनीस

वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून मी लेखा विभागातच काम करत आले आहे. नोकरी स्थिर आहे, वरिष्ठांबद्दल तक्रार नाही, पण निवृत्तीपर्यंत हेच काम करावे असे आता वाटत नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घ्यावा, हा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे आणि प्रवेशाचे अर्ज सुटण्याची वेळ जवळ आल्यामुळे तो तडीस न्यायचा की सोडून द्यायचा, हे आता ठरवणे भाग आहे.

धीर देणारे लोक भेटतात आणि त्यांचे मला मोल वाटते, परंतु आता मला नेमकी माहिती हवी आहे. शाळेनंतर जीवशास्त्राशी माझा संबंध आलेला नाही. तो अभ्यास झेपतो का? शिकत असताना नोकरी चालू ठेवता येते का? वॉर्डातले काम चाळिशीतल्या शरीराला पेलते का? आणि या सगळ्यांहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला हे काम आवडणार आहे की केवळ त्याची कल्पना आवडते आहे, हे प्रवेश घेण्याआधी कसे ओळखावे? घरी शाळेत जाणारी मुलगी आहे, सासूबाई आहेत. करून पाहू, नाही जमले तर परत येऊ, एवढी मोकळीक मला नाही.

रात्रपाळी

तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घ्यायला हवा, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. मी शस्त्रक्रिया विभागाच्या वॉर्डात परिचारिका आहे आणि शिकाऊ विद्यार्थी माझ्या हाताखाली येत असतात. मोठ्या वयात आलेल्यांपैकी जे सोडून गेले, त्यांत अभ्यास जड गेला म्हणून गेलेले कमी. काम असे असते याची कल्पना नव्हती म्हणून गेलेले जास्त. सेवा करण्याची इच्छा त्यांची खरीच होती. परंतु वॉर्डात सेवा नावाचे वेगळे काम नसते. तिथे ठरलेल्या वेळी करायची कामे असतात, ती एकामागून एक येतात आणि प्रत्येकाची नोंद ठेवावी लागते.

पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वॉर्डात परत आला, असे समजा. पुढचे काही तास नाडी, रक्तदाब, तापमान, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, श्वासाची गती, वेदना, ड्रेसिंगवर रक्त दिसते का आणि लघवी किती झाली, हे ठरावीक अंतराने पाहायचे असते. यांतला श्वास मोजण्याचा प्रकार बाहेरून अगदी साधा दिसतो. आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणूस नकळत निराळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवायचे, नजर छातीच्या हालचालीवर न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. मघाशी १८ असलेला आकडा आता २५ झाला असेल, तर रुग्ण "मी बरा आहे" म्हणत असला तरी परिचारिकेने त्यावर विसंबून राहायचे नसते, कारण प्रकृती बिघडू लागली की श्वासाची गती पुष्कळदा इतर खुणांच्या आधी बदलते. आणि घाईच्या पाळीत नेमके तेच मोजायचे राहून जाते.

लघवीचेही तसेच. प्रौढ रुग्णाला तासाला, वजनाच्या दर किलोमागे, निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी अशी अपेक्षा असते. साठ किलोच्या रुग्णाच्या कॅथेटरच्या, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या नळीच्या, पिशवीत दोन तासांत ४० मिलिलिटरच जमले असेल, तर नळी कुठे दुमडली आहे का ते आधी पाहायचे आणि नसेल तर डॉक्टरांना कळवायचे. हे लक्ष ठेवणे हाच आमच्या कामाचा गाभा आहे, आणि ते चालू असतानाच शेजारच्या खाटेवर बेडपॅन द्यायचे असते, उलटीने भिजलेली चादर बदलायची असते, भांबावलेल्या नातेवाइकांना मघाशी सांगितलेलेच पुन्हा शांतपणे सांगायचे असते.

म्हणून माझा आग्रह असा की अर्ज भरण्याआधी काही महिने, निदान सुट्टीच्या दिवशी, एखाद्या रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या संस्थेत सहायक म्हणून काम करावे. स्वागतकक्षात बसून स्वयंसेवा केल्याने हे कळणार नाही. अंग पुसणे, कूस बदलणे, उठवून चालवणे यांत तुमचा हात लागला पाहिजे. किळस वाटली म्हणून घाबरू नका. ती बहुतेकांना वाटते आणि बहुतेकांची जाते. चिडलेल्या, दुखण्याने त्रासलेल्या, आभाराचा शब्दही न काढणाऱ्या माणसाकडे त्याच पाळीत चौथ्यांदा जाताना तुमचा स्वर कसा राहतो, याकडे मात्र लक्ष ठेवा.

दुसरा_डाव

मी शाळेत भाषा शिकवत होतो आणि आता नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. रात्रपाळीताईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. त्यांनी सोडलेल्या अभ्यासाच्या प्रश्नावर लिहितो.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायन एकदम अंगावर येतात, त्यांच्या मागोमाग औषधशास्त्र येते. विषय समजायला फार अवघड नाहीत, पण लक्षात ठेवायचे पुष्कळ असते आणि वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्याला शब्दच नवे असतात. पुन्हा पुन्हा वाचणे ही आपली जुनी पद्धत इथे पुरत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा दुसऱ्यांदा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत, एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी स्पष्टपणे पुढे गेले. मी हृदयातून रक्त कसे फिरते याची आकृती पुस्तक मिटून काढत असे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरत असे. वर्गातल्या विशीतल्या मुलांची पाठांतराची गती माझ्याहून बरीच जास्त होती, पण रोज संध्याकाळी वेळ ठरवून बसण्याची सवय मला नोकरीने लावलेली होती आणि परीक्षेत तिचाच आधार झाला.

औषधांच्या गणिताची धास्ती अनेकांना असते. तुम्हाला ती नसावी. समजा, १,००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे आणि हाताशी असलेल्या सलाईनच्या नळीच्या संचातून पडणाऱ्या २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. १,००० ला २० ने गुणायचे आणि ८ तासांच्या ४८० मिनिटांनी भागायचे. उत्तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. गणित एवढेच असते, पण दशांशचिन्ह एक घर सरकले तर रुग्णाला दसपट औषध जाते. म्हणून अनेक अभ्यासक्रमांत या परीक्षेला एकही चूक चालत नाही. आकड्यांची एकदा खातरजमा करून पुन्हा उलट्या बाजूने ताळा करण्याची तुमची सवय इथे थेट उपयोगी पडेल. रुग्णाच्या पोटात आणि शिरेतून किती गेले, शरीराबाहेर किती आले, याचा चोवीस तासांचा तक्ता तर तुम्हाला रोजकीर्दीसारखाच वाटेल.

नोकरीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. वर्गातले तास नोकरीशी जुळवता येतात, क्लिनिकल ड्यूटी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष काम, जुळवता येत नाही. ती कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची असते, वेळापत्रक महाविद्यालय आणि रुग्णालय मिळून ठरवतात आणि चुकलेले तास भरून दिल्याशिवाय पदवी मिळत नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी पूर्ण वेळची नोकरी शेवटपर्यंत ओढण्याचा प्रयत्न केला, त्यांना दोन्हींपैकी एक सोडावे लागले. शेवटच्या वर्षापर्यंतचा घरखर्च नोकरी सोडण्याआधी कागदावर मांडा. त्यात शुल्काबरोबर प्रवास, गणवेश, पुस्तके, आरोग्य तपासणी आणि पदवीनंतर नोंदणी होईपर्यंतचे बिनपगारी महिनेही धरा. हे शेवटचे महिने बहुतेक लोक धरत नाहीत.

दूरस्थ

संपूर्ण पदवी ऑनलाइन देणाऱ्या काही जाहिराती पाहण्यात आल्या. नोकरी न सोडता शिकायचे असेल तर हा मार्ग योग्य ठरेल का? आणि ज्यांच्याकडे आधीच एक पदवी आहे, त्यांना पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करावाच लागतो का?

शिकवणारी

मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देते.

नर्सिंगचा सिद्धांताचा भाग ऑनलाइन शिकता येतो, रुग्णाजवळचा भाग शिकता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे सामान्य परिचर्येचे शिक्षण किमान तीन वर्षांचे आणि ४,६०० तासांचे असावे लागते, आणि त्यांतला निदान अर्धा भाग प्रत्यक्ष क्लिनिकल प्रशिक्षणाचा असतो. इतर देशांत आकडे निराळे आहेत, पण प्रत्यक्ष प्रशिक्षणाची अट सगळीकडे आहे. याला थोडा अपवाद सिम्युलेशनचा, म्हणजे श्वास घेणाऱ्या, नाडी लागणाऱ्या पुतळ्यांवर प्रसंग उभे करून केलेल्या सरावाचा. अमेरिकेतील नोंदणी मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, पारंपरिक क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तासांच्या जागी उत्तम दर्जाचे सिम्युलेशन ठेवले तरी विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही, असे आढळले. परंतु तेही प्रयोगशाळेत, शिक्षकासमोर करायचे असते. घरबसल्या संपूर्ण पदवी देतो म्हणणारी जाहिरात आधीच नोंदणी असलेल्या परिचारिकांच्या पुढच्या शिक्षणाची असू शकते. तशी नसेल, तर तिच्यापासून दूर राहावे. प्रवेशाआधी तुम्हाला जिथे काम करायचे आहे तिथल्या नोंदणी परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे नाव स्वतः शोधावे. संस्थेने दाखवलेल्या प्रमाणपत्रावर थांबू नये, कारण मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

आधीची पदवी असणाऱ्यांसाठी काही देशांत छोटे मार्ग आहेत. अमेरिकेत असे वेगवान अभ्यासक्रम बहुधा १२ ते १८ महिन्यांचे असतात, ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी साधारण दोन वर्षांचे. मात्र त्यांत तास फारसे कमी होत नाहीत, सुट्ट्या कमी होतात, आणि अनेक ठिकाणी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय आधी वेगळे उत्तीर्ण व्हावे लागतात. लहान मूल घरी असणाऱ्यांना मी बऱ्याचदा लांबचा मार्ग सुचवते.

हिशेबनीस यांच्यासाठी आणखी एक मुद्दा मांडते, कारण मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना तो कोणी वेळेवर सांगत नाही. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या: नवशिकी, पुढची नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. त्यांनी हेही सांगितले की एका विभागातली तज्ज्ञ परिचारिका अनोळखी विभागात गेली की तिथे ती पुन्हा नवशिकी होते. तुम्ही आपल्या कार्यालयात तज्ज्ञ आहात; लोक तुमच्याकडे विचारायला येतात. वॉर्डात पंचवीस वर्षांची परिचारिका तुमची चादर चुरगळलेली आहे म्हणून पुन्हा घालायला सांगेल, आणि ती बरोबर असेल, कारण त्या सुरकुतीवर तासन् तास पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते. माझ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते ते हे. पाठांतर किंवा रात्रपाळी त्यानंतर येते. ज्यांना ते मान्य होते, त्यांचा जुना अनुभव पुढे फार उपयोगी पडतो. रागावलेल्या नातेवाइकाशी बोलणे, चूक दिसली तर वरिष्ठाला न घाबरता सांगणे, नोंद त्याच वेळी करणे, या गोष्टी मला विशीतल्या मुलांना शिकवाव्या लागतात. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना त्या सहसा येत असतात.

पूर्वाश्रमी

मी हा व्यवसाय सोडलेली व्यक्ती आहे. माझ्यामुळे कोणाचा विचार बदलावा अशी इच्छा नाही, पण एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. मला काम आवडत होते आणि आजही आवडते. मी ज्या रुग्णालयात होते तिथे एका पाळीत एका परिचारिकेकडे इतके रुग्ण असत की कोणाकडेही नीट पाहणे शक्य होत नसे, आणि आपण जे करायला हवे होते ते राहिले, ही बोच घेऊन घरी जाणे मला पुढे सहन झाले नाही.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. म्हणजे तुमच्या पदवीला खरेच अर्थ आहे, पण तुम्हाला किती रुग्ण दिले जातात यालाही तितकाच आहे. सहायक म्हणून काम कराल तेव्हा तिथल्या परिचारिकांना, विशेषतः रात्रपाळीत, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात हे अवश्य विचारा. नोकरी निवडताना पगाराआधी हा आकडा विचारा.

रात्रपाळी

पूर्वाश्रमी, तुम्ही लिहिलेत ते बरे केले. मी अजून या कामात आहे त्याचे एक कारण म्हणजे आमच्या वॉर्डातले प्रमाण सोसण्याजोगे आहे. तसे नसते तर मीही थांबले असते की नाही, सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभर परिचर्या क्षेत्रात सुमारे २ कोटी ७९ लाख कर्मचारी आणि सुमारे ५९ लाखांचा तुटवडा असल्याचे म्हटले होते. पदवीनंतर काम मिळेल का याची चिंता अनेकजण करतात, पण ते काम कोणत्या परिस्थितीत करावे लागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

शरीराबद्दल विचारले होते. चाळिशीत हे काम पेलते, मात्र पाठ सांभाळावी लागते. रुग्णाला एकटीने उचलायचे नाही, सरकवण्याची चादर किंवा यंत्र असेल तर घाई असली तरी तेच वापरायचे, आणि खाट आपल्या कमरेच्या उंचीवर घेऊनच काम करायचे. खाट वर घ्यायला लागणारे काही क्षण वाचवणाऱ्या परिचारिका पन्नाशीच्या आत पाठीच्या दुखण्याने घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. रात्रपाळीचा भार वयाबरोबर वाढतो. तुम्हाला मधुमेह, अपस्मार किंवा झोपेचा विकार असेल, तर डॉक्टरांशी आधी बोला. पुढे बाह्यरुग्ण विभाग, डायलिसिस, शालेय आरोग्य असे दिवसाच्या पाळीचे मार्ग उघडतात, पण ते बहुधा वॉर्डातल्या काही वर्षांनंतर.

घरचा_माणूस

माझ्या पत्नीने दोन मुले असताना ही पदवी पूर्ण केली, म्हणून घरच्या बाजूने थोडे लिहितो. आम्ही कामे वाटून घेतली होती, तरी पहिल्या सहामाहीत भांडणे झाली, कारण कोणते काम कोणाचे हे ठरले होते, पण ते आठवण्याची जबाबदारी तिच्याकडेच राहिली होती. मुलांच्या शाळेची सूचना, आईच्या औषधाची संपत आलेली पट्टी, गॅस, हे सगळे ती ड्यूटीवरून फोन करून विचारत असे. ते आठवणेही माझ्याकडे आले तेव्हा तिला झोप मिळू लागली. रात्रपाळीनंतर ती दिवसा झोपलेली असताना तिला उठवायचे नाही, हा नियम पाहुण्यांनाही लागू केला. हिशेबनीसताई, घरच्यांशी बोलताना पाठिंबा आहे का, असे विचारू नका. हो म्हणणे सोपे असते. अमुक आठवड्यात माझी रात्रपाळी असेल तेव्हा सकाळी मुलीला कोण उठवेल, असे विचारा.

हिशेबनीस

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर कोणी लिहील असे वाटले नव्हते. काल घरच्यांना बसवून घरचा_माणूस यांनी सुचवलेले प्रश्न तसेच्या तसे विचारले. सकाळचे उत्तर मिळाले, सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्यांचे अजून मिळालेले नाही, त्यावर बोलणे चालू आहे. या वेळचा अर्ज मी भरणार नाही. पुढच्या प्रवेशापर्यंत शनिवार-रविवार एका वृद्धाश्रमात सहायकाचे काम करण्याचे ठरवले आहे, आणि त्या काळात शरीररचनेचे शालेय पातळीपासूनचे वाचन करीन. तिथे राहावेसे वाटले तर अर्ज, नाहीतर लेखा विभागातच थांबेन आणि तेही मला कमीपणाचे वाटणार नाही.

एक शेवटची शंका. वृद्धाश्रमात रुजू होण्याआधी आरोग्याच्या दृष्टीने काही करून घ्यावे लागते का?

शिकवणारी

होय, आणि ते आताच सुरू करा. हेपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर तिची नेहमीची पद्धत तीन मात्रांची आहे: पहिली, तिच्यानंतर एक महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. तिसरीनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यायची असते आणि ती १० एककांच्या खाली असेल तर पुन्हा मात्रा घ्याव्या लागतात. त्यामुळे क्लिनिकल ड्यूटीच्या तोंडावर सुरुवात केली तर वेळ अपुरा पडतो. गोवर, कांजिण्या आणि धनुर्वात यांच्या जुन्या नोंदी घरी असतील तर शोधून ठेवा, क्षयरोगाची तपासणी करून घ्या आणि सगळ्याचे कागद एका फाइलमध्ये लावा. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालय हीच फाइल मागते.